डावीकडचे ओरखडे

हैदराबादेत नारायणगुड्याच्या चौकात फुटपाथवर कोहळ्यांचे ढीग पडले की मला माझ्या गाडीचा संशय यायला लागतो. वर्षभर हीच गाडी मला हिमायतनगरहून ऑफिसला नेते आणि परत आणते, तिच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नसतं. पण दसरा जवळ आला, राख फासल्यासारखे ते पांढुरके कोहळे आले, बतकम्माच्या सणासाठी गुनुगूची तुरेदार फुलं टोपलीत घेऊन बायका बसल्या, की सिग्नलला उभी असताना मी रेडिओ बंद करते आणि कान देते. हा बारीक आवाज कालपण होता का? ब्रेक जरा खोल जातोय का? स्टेअरिंग सोडलं तर गाडी डावीकडं ओढतेय का? मागचा माणूस हॉर्न वाजवून परेशान होतो, तोवर सिग्नल केव्हाच सुटलेला असतो.

घरात मला शंकेखोर म्हणतात. म्हणोत. मी विमा कंपनीत मोटर क्लेम बघते, शंका घेण्याचाच पगार घेते. ‘गाडी घरासमोर उभी होती, अज्ञात ट्रक ठोकून गेला’ असं माणूस लिहून देतो, आणि बंपरवरचा पोचा सांगत असतो की साहेब स्वतःच जाऊन खांबाला भेटलेत. पोचा किती उंचीवर आहे, रंग कुठल्या दिशेनं खरवडलाय, आत गंज धरलाय की जखम ताजी आहे, एवढं बघितलं की निम्मी गोष्ट कळते. उरलेली निम्मी माणूस समोर बसून कपाळ पुसायला लागला की कळते. दसरा-दिवाळी झाली की आमच्या टेबलांवर फायलींची काय गर्दी होते ते मी बघत आलेय. त्यातल्या कितीतरी फोटोंत चेपलेल्या बॉनेटवर झेंडूचा हार तसाच असतो.

तर यंदाही मी गाडी घेऊन जहूरभाईंच्या गॅरेजला गेले. अफझलगंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे, माझे वडील अप्पा त्यांच्याकडेच जायचे. सोबत सई होती, माझी मुलगी. ती गच्चीबावलीला नोकरी करते, मराठी फर्डं बोलते आणि मराठीतली पाटी वाचायला सांगितली की तोंड वाकडं करते. गाडी देण्याआधी मी ऑइल फिल्टरला, बॅटरीला आणि स्टेपनीला नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावते. जुना फिल्टर पुसून पुन्हा बसवला, चांगली बॅटरी काढून दुसऱ्याची घातली, तर ठिपका सांगतो.

"मम्मी, ॲपवर बुक केलं असतं तर घरून गाडी नेऊन परत आणून दिली असती," सई म्हणाली.

"आणि मधल्या वेळात गाडी कुठं होती ते कोण सांगणार?"

जहूरभाईंनी ठिपका बघितला आणि हसले. "मॅडम, इत्ते सालां से आरें, अब्भी भरोसा नै?"

"भरोसा है जहूरभाई. इसलिए तो खाली टिपका लगाया, साथ में बैठी नै."

पण बसलेच. समोरच्या टपरीवर इराणी चहा घेऊन, गाडीवर नजर ठेवून बसले. टायरच्या खाचेत रुपया घालून बघितला. हवा भरणाऱ्याला आधी काटा शून्यावर दाखवायला लावला. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडं पाऊस जातो म्हणतात आणि नेमका जहीराबादच्या पुढं गाठतो, म्हणून वायपरचं रबर नखानं तपासलं. सीट कव्हरवाल्यानं मागचे पट्टे कव्हरखाली गाडून टाकले होते, ते मी मागच्याच आठवड्यात ब्लेडनं शिवण उसवून वर काढले. त्याला विचारलं तर म्हणतो, "पीछे कौन लगाता मॅडम, बैठने कू चुभता." हे असं आहे. म्हणजे गाडी बनवणाऱ्यानं जीव वाचवायला पट्टा दिला आणि यानं बसायला टोचतो म्हणून त्यावर फुलाफुलांचं कव्हर शिवलं.

सगळं बघून होतं तरी माझं समाधान होत नाही. मी गाडीला एक फेरी मारते. उजवीकडून सुरू करते, मागून वळते आणि डाव्या बाजूला आले की आपोआप थांबते. डाव्या दारावरून हात फिरवते. दार गुळगुळीत असतं, काहीसुद्धा नसतं. तरी फिरवते.

ही सवय लागली त्या दसऱ्याला सई पहिलीत होती. आईअप्पा तेव्हा दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. अप्पा सिंचन खात्यातून निवृत्त झाले होते, पण दसऱ्याला गावी जायचं म्हटलं की त्यांच्या अंगात पुन्हा नोकरी संचारायची. आमचं गाव उदगीरच्या अलीकडं. निजामाच्या काळापासून आमची माणसं तिथं काळ्या मातीत राबतात, आणि अप्पा त्या घरातले शिकून हैदराबादला आलेले पहिले. भाऊबंद त्यांना ‘हैदराबादवाले’ म्हणायचे. दसऱ्याला दुपार कलली की सगळा गोतावळा वेशीजवळ सीमोल्लंघनाला जमायचा आणि अप्पांची पांढरी गाडी धूळ उडवत आल्याशिवाय कुणी आपट्याला हात लावायचं नाही. एवढा मान एका गाडीचा. अप्पा म्हणायचे, "एकदा गाडी सुटली की गाव सुटलं म्हणून समजा. बशीनं उतरणाऱ्याची वाट बघत कोण उभं राहतंय?"

त्यांची तयारी बघण्यासारखी असायची. पार्किंगमध्ये बादली, ओले रबरी मॅट वाळत टाकलेले, त्यांचा आंबूस वास. डिकीत स्टेपनी, जॅक, पाना, जाड दोरी, चढावर चाकामागं लावायला लाकडाचा एक ओंडका, पाण्याचा कॅन, विजेरी आणि कशाकशाला लागेल म्हणून एक जुनी गोधडी. वर स्वयंपाकघरात आईचे धपाटे चाललेले, तिळाचा आणि ओव्याचा वास जिन्यावरून खाली यायचा. खंडेनवमीला नांगर-कुळवाची पूजा गावाकडं व्हायची, आमच्याकडं गाडीची. चारी चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदीकुंकू, कापूर. नारळ आपला, कोहळा इथला. इतकी वर्षं तेलुगू शेजारात काढल्यावर गुम्मडीकाया फोडल्याशिवाय आईला पूजा झाल्यासारखी वाटायची नाही. वॉचमन यादगिरी कोहळ्यावर कापूर पेटवून गाडीवरून ओवाळायचा आणि रस्त्यावर आपटायचा. कुंकवानं लाल झालेला त्याचा गर मग दिवसभर गल्लीत पडून राहायचा आणि त्यावरून स्कूटरवाले घसरायचे. दृष्ट काढायची आपल्या गाडीची आणि पडायचं दुसऱ्यानं, हे मला तेव्हाही पटायचं नाही.

त्या वर्षी नवरात्रात मी माहेरी गेले आणि पार्किंगमध्येच थबकले. गाडीचं डावं दार बाकीच्या गाडीपेक्षा जरा जास्त पांढरं होतं. सावलीत कळलं नसतं, उन्हात कळलं. रंग नवा होता. डावा आरसाही नवा होता. वाकून बघितलं, तर डावीकडच्या पुढच्या टायरची कड दगडाला घासल्यासारखी सोललेली.

"अप्पा, गाडी कुठं लागली?"

"कुठं लागली? कुठंच नाही. पार्किंगच्या खांबानं जरा घासलं."

"खांब चालत आला का?"

"तुझ्या ऑफिसातली चौकशी ऑफिसात कर," असं म्हणून ते वर निघून गेले. अप्पा चिडले की पायऱ्या दोन-दोन चढायचे. त्या दिवशी मात्र ते कठडा धरून एक-एक पायरी चढत होते. मला वाटलं, गुडघे.

मग मी माझ्या पद्धतीनं तपास सुरू केला. यादगिरीला गाठलं. तो म्हणाला, "नाकु तेलियदम्मा," मला माहीत नाही, आणि माझ्याकडं न बघता झाडांना पाणी घालत राहिला. मला त्याचाच संशय आला. मग शेजारच्या रेड्डींच्या मुलाच्या मोटरसायकलचा हँडल दाराच्या उंचीला लावून बघितला, जुळला नाही. मग मी जहूरभाईंना जाऊन धरलं. ते पान्याशी चाळा करत म्हणाले, "लेफ्ट साइड का काम हर दो-तीन महिने कू आताय मॅडम. साबकूच पूछो ना." हर दो-तीन महिने! मी मनात म्हटलं, सापडला. हाच मेला गाडी बाहेर काढताना ठोकतो, हाच रंग देतो आणि हाच बिल लावतो. अप्पांना मी तसं सांगितलंसुद्धा. अप्पांनी पेपर खाली केला नाही. "जहूर चांगला माणूस हाय," एवढंच म्हणाले.

बरं, सगळं डावीकडंच का? म्हणून मी गाडी दुसऱ्या एका दुकानात नेऊन अलाइनमेंट करून घेतलं, बॅलन्सिंग करून घेतलं. यंत्र म्हणालं, गाडी सरळ चालते. मी दुकानदाराला विचारलं, तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं? त्यानं माझ्याकडं जसं बघितलं तसं माझे सगळे नातेवाईक माझ्याकडं बघतात.

यंत्राचा संशय घेतला, वॉचमनचा घेतला, बिचाऱ्या जहूरभाईंचा घेतला. एका गोष्टीचा घेतला नाही, कारण ती इतकी जुनी, इतकी घरातली होती की डोळ्यांत भरायचीच नाही. ती म्हणजे आईचं बोलणं.

त्याआधीची काही वर्षं आई पुढं, अप्पांच्या डावीकडं बसायची आणि गाडी सुरू झाली की तिची टकळी सुरू व्हायची. "समोर ट्रॅक्टर हाय, ऊस भरलाय. डावीकडनं सायकलवालं पोरगं येतंय बगा. पुढं खड्डा हाय, जरा उजव्या अंगानं घ्या. म्हशी. म्हशी आल्या. गेल्या." मागं बसून आम्ही तिची मापं काढायचो. मी म्हणायचे, "आई, आकाशवाणी बंद कर की जरा." माझा नवरा म्हणायचा, सासूबाईंना परवाना नाही पण गाडी त्याच चालवतात. आई हसायची आणि पुढच्या म्हशी मोजायला लागायची. माझा समज असा, की शंकेखोरपणा मला आईकडूनच आलाय, तिचाही कुणावर भरवसा नाही. आता नवल वाटतं ते अप्पांचं. भाजीत मीठ जरा जास्त झालं म्हटलेलं ज्या माणसाला खपायचं नाही, तो माणूस एवढं सगळं मुकाट ऐकून घेत होता. त्याच बोलण्याची फाइल माझ्या टेबलावर आली असती तर मी पहिल्या पानालाच लाल खूण केली असती.

दसऱ्याच्या सकाळी निघालो. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मागं मी आणि सई, पुढं आई आणि अप्पा. चाकाखालची लिंबं चिरडल्याचा बारीक आवाज झाला, आईनं कपाळाला हात लावला. पटनचेरूपर्यंत शहर पाठ सोडत नाही, तोवर मी खिडकीतून डावीकडचं अंतर मोजत होते. एका बसच्या इतक्या जवळून गेलो की बसवरच्या जाहिरातीतल्या बाईची नथ मला दिसली. "अप्पा, सावकाश," मी म्हटलं. आई म्हणाली, "बस हाय डावीकडं, गेली आता." हे ती मला सांगत नव्हती.

संगारेड्डी मागं पडलं, जहीराबाद मागं पडलं. लाल माती सुरू झाली. आल्याची शेतं, तुरी, मधूनच ऊस. सई माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तिच्या केसांना कापराचा वास येत होता. इथून पुढं तारांवर बघत जायचं, हा आमचा नेम. तेलंगणात दसऱ्याला पालपिट्टा बघतात. पालपिट्टा म्हणजे आपला चाष, काही जण नीलकंठ म्हणतात. बसला की मातकट, उडाला की निळाच निळा. तो दिसला की वर्ष चांगलं जातं. आणि आमच्या घरात तो पहिल्यांदा अप्पांनाच दिसायचा. गाडी चालवता चालवता ते बोट करायचे, "तो बघा," आणि गाडीतले सगळे आधी हात जोडायचे, मग शोधायचे. वडिलांनी दाखवलेल्या देवाची कोणी खातरजमा करतं का?

"तो बघा पालपिट्टा," अप्पा म्हणाले.

मी हात जोडले आणि वर पाहिलं. तारेला निळ्या ताडपत्रीची एक चिंधी अडकली होती. वाऱ्यानं फडफडत होती.

मला हसू येणार होतं. तेवढ्यात मी पुढच्या आरशात आईकडं पाहिलं. आईनं हात जोडले होते. "दिसला बाई," ती म्हणाली, "झाला दसरा." आणि आरशातून तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझं हसू तिथंच थिजलं. ती चिंधी तिलाही दिसली होती. मी काही बोलू नये म्हणून ती मला विनवत होती.

मग सगळं एकदम लागत गेलं. डावं दार, डावा आरसा, सोललेला टायर, कठडा धरून चढलेल्या पायऱ्या, ट्रॅक्टर, सायकल, म्हशी. आई कधीच घाबरत नव्हती. ती अप्पांना रस्ता वाचून दाखवत होती.

माझी पोर माझ्या मांडीवर झोपली होती आणि ज्या माणसाला चिंधी आणि पाखरू वेगळं दिसत नव्हतं तो ट्रकांच्या रांगेतून गाडी हाणत होता. सगळ्या चाकांची हवा तपासून झाली होती, पाणी, तेल, ब्रेक, पट्टे. ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर ते दचकले असते, आणि समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. आईनं तो सांगितलासुद्धा.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अप्पा, गाडी बाजूला घ्या. मला मळमळतंय."

"तुला कधीपासून गाडी लागायला लागली?"

"आत्तापासून. थांबवा."

त्यांनी थांबवली. मी उतरले, रस्त्याच्या कडेला वाकून उगं खोकल्यासारखं केलं, पाण्यानं तोंड धुतलं. "मागं बसून जास्त होतंय. मी चालवते. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही." हैदराबादमध्ये मी रोज गाडी चालवायचे, पण अप्पांनी हायवेला मला कधी स्टेअरिंग दिलं नव्हतं. ते नाही म्हणाले असते तर मी काय केलं असतं, मला अजून माहीत नाही. कदाचित सईला उचलून तिथंच रस्त्यावर उभी राहिले असते.

अप्पांनी किल्ली तशीच ठेवली आणि उतरले. बॉनेटवर हात ठेवून, गाडी चाचपत चाचपत ते पुढून वळले आणि डाव्या बाजूला आले. आई आधीच मागं जाऊन बसली होती. दाराचं हँडल त्यांना पटकन सापडलं नाही, नव्या रंगावरून त्यांचा हात दोनदा घसरला. मी आतून दार उघडून दिलं.

बिदर गेलं तरी कुणी बोललं नाही. आईसुद्धा गप्प होती, आणि तिच्या गप्प बसण्यानं गाडीत इतकं सुनं वाटायला लागलं की सई उठून म्हणाली, "आजी, म्हशी संपल्या का?"

गावाच्या अलीकडं ओढ्याच्या पुलावर अप्पा म्हणाले, "थांब इथं." मला भीती होती तेच झालं. वेशीवर सगळे उभे असणार, आणि इथून पुढं त्यांना स्वतः चालवायचं असणार. वेशीवर पोरंटोरं पळत असतात. मी स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं. म्हटलं, "अप्पा, मी नाही देणार."

"मागतंय कोण?" ते म्हणाले. रुमालानं तोंड पुसलं, टोपी सरळ केली, खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि कोपर बाहेर काढून ऐटीत बसले. "चल आता. हॉर्न दे."

वेशीवर काकांनी गाडीत वाकून बघितलं. काही विचारायच्या आत अप्पाच मोठ्यानं म्हणाले, "लेकीनं आणली हैदराबादहून इथपर्यंत. तुमच्यातल्या कुणाच्या लेकीनं आणली का, सांगा." काका हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या, कुणीतरी माझ्या हातात आपट्याची पानं कोंबली. मला रडायला आलं आणि सगळ्यांना वाटलं, कौतुकानं आलं.

त्या संध्याकाळी मागच्या अंगणात मी आईला गाठलं. ती पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"त्यांनी मला सांगितलंच नाही. मी पण विचारलं नाही. मी आपली बोलत गेले, ते आपले ऐकत गेले."

"आई, सई होती गाडीत."

तिचा हात थांबला. "तू आलीस म्हणूनच बोट दाखवलं त्यांनी. नाहीतर आताशा कशाकडंच बोट करत नव्हते."

"आणि कुठं आदळली असती म्हणजे?"

"सगळं डावीकडंच लागतंय ना," आई म्हणाली. "म्हणून तर मी डावीकडं बसत होते."

मला तिचा इतका राग आला की मी तिथून उठून गेले. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही. एखादीनं नवऱ्याचा मान राखावा, पण त्यासाठी रस्त्यावरच्या सायकलवाल्या पोराला पणाला लावायचं का? हे मी तिला पुढं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुझं खरं हाय." आणि तरी, तो नुसता राग आहे असंही नाही. क्लेमच्या फायलीत डाव्या बाजूचा फोटो आला की मी आधी बघते, त्या सीटवर कोण बसलं होतं.

परत आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यात काचबिंदू, तो डोळा जवळजवळ गेलेला. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. उजव्याची शस्त्रक्रिया झाली, काही वर्षं पेपर वाचण्यापुरतं बरं चाललं. मग काचबिंदू त्याही डोळ्यात उतरला. आता अप्पांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. आईअप्पा आमच्याकडंच राहतात. गाडी सुटली, पण गाव सुटलं नाही. दरवर्षी मी नेते. निघायच्या आधी गाडी जहूरभाईंकडं जाते आणि मी डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथं अक्षरांचा तक्ता मला पाठ झालाय का, अशी शंका येऊन मी दुसरा लावायला सांगते.

यंदा सई पुढं, माझ्या डावीकडं बसली होती. पटनचेरूच्या गर्दीत ती म्हणाली, "मम्मी, लेफ्टला ऑटो आहे."

"मला का सांगतेस?"

"अगं, असंच."

"असंच नाही. का सांगितलंस? मला दिसत नाही असं वाटलं का तुला? मागच्या महिन्यात गेटला घासली ते वॉचमननं सांगितलं का?"

"गेटला घासली?" सई म्हणाली. मागून आई हसली आणि म्हणाली, "घ्या. स्वतःच्या तोंडानं कबूल." मला हसू आलं नाही. गेटची फट खरंच अरुंद आहे. तरी मी डावा आरसा पुन्हा नीट केला.

जहीराबादच्या पुढं लाल माती आली तशी अप्पा मागच्या सीटवर सावरून बसले. त्यांना कसं कळतं, देव जाणे. हवेवरून कळत असेल. आई त्यांना दोन्हीकडचं सांगत होती, तूर कंबरेएवढी झालीय, आलं यंदा पिवळं पडलंय, नवीन पेट्रोल पंप झालाय बघा. आता त्या सांगण्यावर कुणाचा जीव टांगलेला नव्हता, आणि तिचा आवाजही तसा सैल सुटला होता.

"मम्मी, तो बघ," सई म्हणाली, "पालपिट्टा."

मी लगेच बघितलं नाही. "कुठल्या खांबावर, ते आधी सांग."

"तो वाकडा खांब आहे ना, त्याच्या पुढच्या तारेवर. डावीकडं."

मी बघितलं. वाकड्या खांबापुढच्या तारेवर मातकट छातीचा, मान आत घेतलेला, खराखुरा पालपिट्टा बसला होता. मला तो स्वच्छ दिसला. एवढ्यानं मला किती हायसं वाटलं ते मी सईला सांगितलं नाही. गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावला, हँडब्रेक ओढला.

मागं अप्पांची गडबड उडाली होती. टोपी काढली, पट्टा सैल केला आणि हात जोडले, पण तोंड उजवीकडं, रिकाम्या शेताकडं केलेलं. आईनं त्यांच्या हनुवटीला हात लावून तोंड हळूच डावीकडं वळवलं.

"बसलाय का?" अप्पांनी विचारलं. "का उडाला?"

सईनं तारेकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बसलाय," आई म्हणाली. "सावकाश घ्या दर्शन. तुमच्याकडंच बघतोय."

मला मान वर करून बघायचं होतं. जन्माची सवय आहे, बघितल्याशिवाय माझा हात सहीला उठत नाही. पण मी स्टेअरिंगकडं बघत राहिले, सईनं हात जोडले होते तसे मीही जोडले, आणि अप्पांचं होईपर्यंत खाली उतरवले नाहीत.